चाहता आहे म्हणून कान बंद करायचे का?

संपादक साहेब,
आपल्याकडे गाण्याच्या परीक्षणात सगळं 'अप्रतिम' नि 'मंत्रमुग्ध'च असतं. मी ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटक गाणाऱ्या मारिया कॅलासचा वेडा चाहता, रोज रात्री हेडफोन लावून तिचे ऑपेरा ऐकतो. १९४९ मध्ये व्हेनिसला वाग्नर या संगीतकाराच्या ऑपेरातली भारदस्त भूमिका नि मग काही दिवसांतच बेलिनी या दुसऱ्या संगीतकाराची चपळ तानांची, हे कुणाला जमणार! पण पुढे तिचे वरचे सूर थरथरायला लागले, कानाला टोचायचे, १९६५ मध्ये पॅरिसला 'नॉर्मा' या ऑपेराचा प्रयोग अर्धवट सोडावा लागला, हे लिहिताना मला खरंच त्रास होतो पण लपवलं तर तिच्या चांगल्या गाण्याचं माझं कौतुक तरी कोण खरं मानेल? आपल्या नाशिकच्या कालिदास कलामंदिरातल्या मैफलीचंही असंच लिहा ना प्लीज, कुठला सूर लागला, कुठला नाही.

- एक वाचक, नाशिकरोड