शिक्षकांना द्यायचं तरी काय?

प्रिय मैत्रिणीस,

तुझा निरोप वाचला आणि हसू आवरेना. पालकांच्या ग्रुपवर बाईंना काय द्यायचं यावरून जुंपली आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ते लचांड तुझ्याच गळ्यात घातलं! एकीला म्हणे घड्याळ द्यायचंय, दुसऱ्याला व्हाउचर, आणि तिसऱ्याचं म्हणणं, पगार मिळतो ना त्यांना, मग भेट कशाला. आणि तू मला विचारतेस, "तू इतकी वर्षं शिकवलंस, तुम्हा लोकांना आवडतं तरी काय?" नोकरीत असताना याचं उत्तर देणं अवघड होतं. काहीही बोललं तरी मागितल्यासारखं झालं असतं. आता निवृत्त आहे, त्यामुळे जीभ मोकळी आहे. पत्र लांबणार, सवडीने वाच.

आधी शिक्षकाच्या कपाटातलं गुपित सांगते. वरच्या कप्प्यात कप असतात. 'बेस्ट टीचर' लिहिलेले, सगळे एकाच मापाचे, बहुतेक खोक्यातून बाहेरही न आलेले. त्याखाली पेनांचे संच, फोटोच्या चौकटी, सुगंधी मेणबत्त्या. देणाऱ्याच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण एका माणसाला किती कप लागतात गं? त्याच कपाटात, खालच्या खणात, प्रगतिपुस्तकांच्या जुन्या गठ्ठ्याशेजारी एक फाइल असते. तिच्यात चिठ्ठ्या असतात. माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक शिक्षिकेकडे अशी एक फाइल आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ज्या दिवशी वर्ग हाताबाहेर जातो, वर एखादे पालक येऊन चार शब्द सुनावून जातात, त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती फाइल उघडली जाते.

माझ्या फाइलमधली एक चिठ्ठी मला पाठ आहे. एका आईने लिहिलं होतं की तिचा मुलगा अपूर्णांकांच्या धड्यापासून रोज सकाळी पोट दुखतं म्हणून रडायचा. मग एके दिवशी घरी येऊन म्हणाला, "बाई म्हणाल्या, चुकीचं उत्तर पुसू नकोस, त्याच्या शेजारी बरोबर लिही, म्हणजे कुठे घसरलो ते दिसतं." त्यानंतर पोट दुखणं थांबलं. एवढंच. 'आपण थोर आहात', 'आपले ऋण फिटणार नाही' वगैरे काही नाही. मी ते वाक्य वर्गात सहज बोलून गेले होते, मला आठवतही नव्हतं. शिक्षकाला आपल्या कामाचा परिणाम क्वचितच दिसतो, मुलं पुढच्या वर्गात जातात आणि गोष्ट अर्धीच राहते. त्या बाईने मला गोष्टीचा राहिलेला भाग सांगितला.

म्हणून माझं पहिलं उत्तर ऐक: पत्र लिही. तू म्हणशील, हे काय, एवढंसं? लिहिणाऱ्याला ते नेहमी एवढंसंच वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना कुणाला तरी मनापासून आभाराचं पत्र लिहायला सांगितलं आणि ते वाचून समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग पत्र मिळालेल्यांनाच गाठून विचारलं. लिहिणाऱ्यांचा अंदाज पार चुकला होता. वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल असं त्यांना वाटलं होतं, ते तितकं झालं नाही, आणि आनंद मात्र अपेक्षेपेक्षा खूप जास्त झाला. लिहिणारे शब्द नीट जमतील का या काळजीत, आणि वाचणारे त्यातल्या आपुलकीकडे बघत होते. तेव्हा 'मला छान लिहिता येत नाही' ही तुझी नेहमीची सबब आता चालायची नाही.

लिहिताना विशेषणं टाळ आणि प्रसंग सांग. 'खूप छान शिकवता' हे सगळ्यांना लागू पडतं, म्हणून कुणालाच लागत नाही. तुझी लेक सध्या घरी बाहुल्यांना रांगेत बसवून बाईंच्या आवाजात 'हात खाली, डोळे इकडे' करते म्हणालीस ना, ते लिही. तिलाही दोन ओळी लिहू देत, आणि देवाची शपथ आहे, तिचं शुद्धलेखन सुधारू नकोस. पालकांनी सुधारलेली चिठ्ठी आम्हाला लांबून ओळखू येते. आणखी एक काम, जे फार थोड्यांना सुचतं: त्याच मजकुराची एक प्रत मुख्याध्यापकांना पाठव. मुख्याध्यापकांच्या टेबलावर तक्रारी येतात, कौतुक वाटेत कुठेतरी विरतं. बढतीच्या किंवा बदलीच्या वेळी अशा एका कागदाचं वजन घड्याळापेक्षा जास्त पडतं.

आता तुमच्या वर्गणीकडे येते. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

महागडी भेट शिक्षकाला ओझं होते. दुसऱ्या दिवशी त्याच घरच्या मुलाची वही तपासायची असते, त्यालाच कधी रागवायचं असतं, निकालावर त्याच्याच आईशी बोलायचं असतं. आणि वर्गात असं एक तरी मूल असतं ज्याच्या घरून काही येऊ शकलेलं नाही. ते मूल त्या दिवशी टेबलाकडे बघतच नाही, दप्तरात काहीतरी शोधत बसतं. मी ते पाहिलंय आणि म्हणून भेटवस्तू वर्गासमोर उघडायची नाही हा नियम मी पुढे शेवटपर्यंत पाळला.

जगात काही ठिकाणी हा गुंता थेट कायद्याने सोडवलाय. दक्षिण कोरियात १५ मे हा शिक्षक दिन असतो. तिथे २०१६ साली लाचखोरीविरुद्ध कडक कायदा लागू झाला, तेव्हा एकेका विद्यार्थ्याने शिक्षकाला साधं कार्नेशनचं फूल देणंसुद्धा त्यात बसेना. विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीने सगळ्यांच्या वतीने उघडपणे फूल दिलं तर चालतं, असा खुलासा करावा लागला. फुलावर बंदी म्हणजे जरा अतीच, असं मला वाटतं. पण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली पद्धत मला पटते. तिथे सरकारी शाळेतल्या शिक्षकाला ठरावीक मर्यादेपर्यंत सगळ्या वर्गाची मिळून एक भेट घेता येते, मात्र कुणी पैसे घातले आणि किती घातले हे शिक्षकाला कळता कामा नये. तुमच्या ग्रुपवर हेच कर. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्यावं, यादी फिरवायची नाही, रक्कम जाहीर करायची नाही आणि कार्डावर सगळ्या मुलांची नावं, पैसे दिलेले असोत वा नसोत. शाळेचा स्वतःचा काही नियम आहे का ते मात्र आधी कार्यालयात विचार, नाहीतर बाईंनाच ती भेट परत करायची पाळी येईल. आणि शक्यतो निकाल लागल्यानंतर द्या.

घ्यायचं काय? बाईंनाच विचारा की वर्गासाठी काय हवंय. शिक्षक स्वतःच्या खिशातून किती घालतात याची बाहेर कल्पना नसते. अमेरिकेत २०१४-१५ या वर्षाची अधिकृत पाहणी झाली होती, त्यात सरकारी शाळांतल्या ९४ टक्के शिक्षकांनी वर्गाच्या साहित्यासाठी पदरचे पैसे घातल्याचं निघालं. माझ्या पर्समध्ये कायम डिंकाच्या ट्यूबा आणि टोकयंत्रं असायची, तुला आठवत असेल. गोष्टीची पुस्तकं, रंगीत कार्डशीट, फळ्यासाठी चांगली मार्कर, मुलं हरवतात त्या पट्ट्या आणि खोडरबर यांचा एक भरलेला खोका आला, तर बाई तो घरी नेणार नाहीत, पण त्यांचे पैसे नक्की वाचतील. घड्याळवाल्या बाईंना हे कसं पटवायचं ते तू बघ. त्या बाबतीत मी तुला काही मदत करू शकत नाही.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला: गुरुवारी मोकळी असतेस, तर शाळेत जाऊन काही करता येईल का? येईल, पण उत्साहाने थेट वर्गात जाऊन उभी राहू नकोस. न सांगता आलेला मदतनीस हे शिक्षकासाठी एक जास्तीचं काम असतं. त्याला बसवा, समजावून सांगा, त्याच्यापुढे मुलं चेकाळतात ती आवरा, आणि तो गेल्यावर त्याने उलटसुलट लावलेले कागद पुन्हा लावा. म्हणून आधी विचार, आणि 'काही मदत हवी का?' असं मोघम विचारू नकोस. त्यावर प्रत्येक शिक्षक 'नाही हो, ठीक आहे' असंच म्हणतो. 'दर गुरुवारी दहा ते अकरा मी येऊ शकते. मुलांचं वाचन ऐकू, वाचनालयातल्या पुस्तकांना कव्हरं घालू, की कागद कापून ठेवू?' असं विचार. मग उत्तर मिळेल.

त्यातलं वाचन ऐकण्याचं काम मिळालं तर सोडू नकोस. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाला शेजारी बसवून पानभर वाचून घ्यायला शिक्षकाला तास पुरत नाही, आणि काही मुलांचं वाचन नेमकं तेवढ्यासाठीच अडलेलं असतं. कसब फार लागत नाही, धीर लागतो. मूल अडखळलं की लगेच शब्द पुरवू नकोस, मनात पाचपर्यंत मोज. बहुतेक वेळा ते स्वतःच सावरतं. कोण कुठे अडलं ते कागदावर टिपून जाताना बाईंच्या टेबलावर ठेव. त्या कागदाचा बाईंना किती उपयोग होतो ते तुला पुढच्याच आठवड्यात कळेल.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळ. स्वतःच्या लेकीशेजारी बसू नकोस, आणि त्या तासाला तिच्या मार्कांबद्दल बाईंना एक अक्षर विचारू नकोस. मदतीच्या मिषाने येऊन रोज पालकसभा भरवणारे पालक आम्ही फार सोसलेत. वर्गात जे दिसेल ते वर्गातच ठेव. कुणाला वाचता येत नाही, कोण कुणाला मारतं, कोण कपडे ओले करतं, यातलं काही त्या ग्रुपवर जाता कामा नये. मुलांचे फोटो काढू नकोस. कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटी थांबू नकोस, दार उघडं असू दे. शाळेने ओळखपत्र किंवा पोलीस पडताळणी मागितली तर राग मानू नकोस, जी शाळा विचारते ती मुलांची काळजी घेते. आणि बाईंची शिकवण्याची पद्धत पटली नाही तरी मुलांसमोर तोंड उघडू नकोस. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून हे मुद्दाम लिहिलं!

सर्वात मोठी गोष्ट नियमितपणाची. वाजतगाजत दोनदा येऊन गडप होणाऱ्यांपेक्षा महिन्यातून एकदाच, पण न चुकता येणारी व्यक्ती हवी असते, कारण तिच्या भरवशावर बाई काही आखू शकतात. मुलंही वाट बघतात. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळव. आणि नोकरीमुळे ज्यांना शाळेत जाणं शक्य नाही अशा पालकांना कमी लेखू नका. शब्दपट्ट्या कापणं, नाटकाचे कपडे उसवले तर शिवणं, वर्गाच्या पुस्तकांची यादी टाइप करणं, हे रात्री घरी बसूनही होतं.

हो, आणि ज्यांच्या वाट्याला कधीच काही येत नाही त्यांना विसरू नका. चित्रकलेचे सर, खेळाच्या बाई, ग्रंथपाल, विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर दिवसभर सावलीसारख्या राहणाऱ्या मदतनीस बाई, शिपाई. वर्गशिक्षिकेचं टेबल भरलेलं असतं, तेव्हा ही मंडळी त्याच दारावरून जात असतात.

दिवसाबद्दल विचारलंस. ५ ऑक्टोबर हा जागतिक शिक्षक दिन. १९६६ साली त्या तारखेला युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शिक्षकांचा दर्जा आणि हक्क यांबद्दलची शिफारस स्वीकारली आणि १९९४ पासून हा दिवस साजरा होतो. गंमत अशी की त्या शिफारशीत फुलं नाहीत, कप नाहीत. कामाचे तास, पगार, वर्गातली मुलांची संख्या, प्रशिक्षण, असल्या रुक्ष गोष्टी आहेत. २०१८ साली ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने अनेक देशांतल्या शिक्षकांना विचारलं होतं, तेव्हा समाजात आपल्या पेशाला मान आहे असं म्हणणारे सरासरी २६ टक्केच निघाले. त्यामुळे पालकसभेत वर्गात मुलं फार झालीत, बाईंना कारकुनी कामं फार लागतात असा विषय निघाला, तर मान खाली घालून फोन बघत बसू नकोस, हात वर कर. माझ्या लेखी तीही भेटच. पत्र मात्र त्या ठरलेल्या दिवशी देऊ नकोस. त्या दिवशी सगळेच देतात. परीक्षेच्या आधीचे जे कंटाळवाणे आठवडे असतात, सगळे थकलेले, सर्दीने बेजार, तेव्हा दे.

आणि शेवटी तू हळूच विचारलेलं. आपल्या गणिताच्या सरांना आता लिहिलं तर ते विचित्र दिसेल का, इतक्या वर्षांनी? अगं, आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाला १९५७ साली साहित्याचं नोबेल मिळालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने आपल्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना, लुई जर्मेन यांना, आभाराचं पत्र लिहिलं. वडील पहिल्या महायुद्धात गेलेले, घरात दारिद्र्य, आणि मुलाने पुढे शिकावं म्हणून या गुरुजींनी घरच्यांची समजूत घातली होती, शिष्यवृत्तीची तयारी करून घेतली होती. मधे तीस वर्षांहून अधिक काळ गेला होता. आपल्याला नोबेल मिळायची वाट बघायला नको, एवढाच काय तो फरक.

सरांचा पत्ता मी मिळवते, त्यांच्या सुनेचा नंबर माझ्याकडे असावा. पण पत्र दोघींचं मिळून नको, वेगवेगळं लिहू. दोघींच्या सहीचं पत्र म्हणजे पुन्हा वर्गणीच झाली. त्यांनी तुला फळ्यावर उभं करून ते प्रमेय तीनदा मांडायला लावलं होतं, तो प्रसंग तुझा, मी त्याला हात लावत नाही. सहलीच्या बसमधला मात्र माझा. अक्षर जरा मोठं काढ, त्यांना आता कमी दिसतं असं ऐकलंय. आणि या आठवड्यातच टाक.

तुझीच,
जुनी बाकसोबतीण