डब्याबरोबर वही पण पाठवली आहे

बाळा,

काल फोनवर तू म्हणालास, आई पैसे कुठं जाऊल्यात तेच कळेना, महिन्याची २० तारीख आली, ५०० टाक. मी टाकले. रागावले नाही, आत्तासुद्धा रागावून लिहीत नाही, पण रात्री झोप लागली नाही बघ. ५०० चं काही नाही रे, ते "कळेना" मला लागलं. हाच शब्द मी आणि तुझे बाबा किती वर्षं बोलत होतो आणि त्यापायी घरात काय काय झालं ते तू लहान होतास म्हणून तुला पूर्ण माहीत नाही. फोनवर तू घाईत असतोस, मागं मशीनचा आवाज असतो, म्हणून सगळं टाइप करून पाठवते, सुट्टीदिवशी निवांत वाच.

आधी पगाराचं बोलू. १८ हजार सांगून हातात कमी देतात म्हणून तू चिडलेलास, मग तू पाठवलेली स्लिप घेऊन मी आणि अक्का बसलो. पीएफ १,८००, ईएसआय म्हणजे दवाखान्याचा सरकारी विमा १३५, आणि तिकडं पुण्यात, महाराष्ट्रात, प्रोफेशन टॅक्स २००. राहिले १५,८६५. फेब्रुवारीत टॅक्स ३०० कापतात, तेव्हा अजून १०० कमी येतील, घाबरू नकोस. म्हणजे तुझा पगार १५,८६५ आहे असंच धर, १८ हजार डोक्यातनं काढून टाक, कारण खर्च करताना माणूस मोठा आकडा आठवतो आणि पैसे छोट्या आकड्यातनं जातात. पीएफ गेला असं म्हणू नकोस, ते तुझेच आहेत, कंपनी पण तिचा वाटा घालते, आणि नोकरी बदललीस तरी पीएफचा यूएएन नंबर तोच राहतो, तेवढा जपून ठेव, मधेच काढून मोकळा होऊ नकोस. ईएसआयचं कार्ड काढलंस का ते सांग. दवाखान्याला पैसे घालवण्याआधी ते कार्ड.

आता आमची गोष्ट. बाबांची कापडाच्या मागावरची मजुरी आठवड्याची, शनिवारी हातात, मी घरात सुताच्या कांड्या भरायची त्याचे थोडे. शनिवारी सगळं असायचं आणि बुधवारी काही नसायचं. गल्लीच्या दुकानात उधारी, दूधवाल्याची उधारी. एकदा बाबांच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा बायकांच्या ग्रुपवर मी कर्ज घेतलं, दर आठवड्याला हप्ता, आणि ज्या आठवड्यात माग बंद त्या आठवड्यात हप्ता कुठला भरायचा, म्हणून दुसऱ्याकडनं शेकडा ३ नं घेतले. शेकडा ३ ऐकायला किती कमी वाटतं बघ. महिन्याला ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही. हप्त्याला माणूस आला की मी मागच्या दारानं शेजारी जाऊन बसायची आणि तू दारात उभा राहून "आई नाही घरात" म्हणायचास. दुसरीत होतास. ते मला आजपण आठवतं आणि पोटात कालवतं. म्हणून मोबाईलवर ते दोन मिनिटात कर्जवाले ॲप असतात त्यातलं एकपण तुझ्या फोनमध्ये ठेवू नकोस. अडलास तर मला फोन कर, ५०० काय ५,००० लागले तरी सांग, मी कुठनं पण करेन, पण तिथं हात घालू नकोस.

वही तेव्हा सुरू झाली. तुझ्या शाळेची अर्धी कोरी वही होती, तिला भोक पाडून सुतळीनं पेन बांधलं आणि पिठाच्या डब्याच्या वर खिळ्याला अडकवली. दोन रकाने, आलं आणि गेलं. पहिल्या महिन्यात मी काहीच कमी केलं नाही, नुसतं लिहिलं. हे नीट वाच, कारण सगळे पहिल्या दिवसापासनं काटकसर करायला जातात, चार दिवस चहा सोडतात, पाचव्या दिवशी वही सोडतात. तू महिनाभर नुसतं लिही. वडापाव १५ तर वडापाव १५, सिगरेट असली तर सिगरेट, मी वही बघून काही बोलणार नाही, शपथ.

महिन्यानं बेरीज केली तेव्हा बाबांची तंबाखू-सुपारी रोजची ३० रुपये, म्हणजे ९०० झाली होती. घरभाडं १,५०० आणि ही ९००. मी किती वर्षं त्यावरनं भांडले असेन, काही उपयोग झाला नाही. त्या रात्री मी फक्त वही त्यांच्या ताटाशेजारी उघडी ठेवली. ते जेवले, हात धुवून परत येऊन वाचलं, बोट ठेवून ठेवून स्वतः बेरीज केली आणि काही न बोलता झोपले. एकदम सुटलं नाही, पण पुढच्या महिन्यात ४०० वर आलं. आणि माझं पण निघालं की त्यात. मी स्वतःला लई काटकसरी समजत होते पण चहापत्ती १० ची पुडी, तेल पावशेर, शॅम्पूची पुडी, असं रोज गल्लीत घ्यायची. एकदम घ्यायला पैसे नाहीत म्हणून थोडं थोडं, आणि थोडं थोडं महाग पडतं म्हणून एकदम घ्यायला पैसे राहत नाहीत. आता शेजारच्या दोघी आणि मी मिळून रविवार पेठेतनं तेलाचा डबा आणतो आणि वाटून घेतो. तुम्ही रूमवर चौघं आहात, तांदूळ-तेल-चहापत्ती महिन्याची एकदम आणा. पाकिटावर बारीक अक्षरात ग्रॅमला किती पडतं ते छापलेलं असतं, युनिट सेल प्राईस म्हणून, ते बघ. एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम, काही पाकिटं दिसायला तेवढीच पण ८५० ची असतात.

लॉकडाऊनला २०२० मध्ये माग बंद पडले तेव्हा आपल्या बेळगावचा सगळा वडगाव, खासबाग, शहापूर गप्प झाला होता, तो रोजचा खटखट आवाज नाही म्हणून मला झोप लागायची नाही. पण त्या वेळी मला बरोबर माहीत होतं की आपलं घर किती रुपयात चालतं, मागच्या दोन वर्षांचे आकडे भिंतीला लटकत होते, म्हणून कुणाकडं हात न पसरता मागची शिल्लक चार महिने पुरवली.

आणि एक गोष्ट सांगते जी मला वहीनंच सांगितली. जून २०२३ पासनं आपल्या कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, झिरो तिकीट. मला वाटलं आता महिन्याचे तीनशे-साडेतीनशे वाचले. दोन-तीन महिन्यांनी बघते तर बाजारचा खर्च वाढलेला. कारण आधी तिकिटाला भिऊन मी आठवड्यातनं एकदाच गणपत गल्लीला जायची, आता मन झालं की जाऊलोय, आणि गेलं की हातात काहीतरी येतंच. फुकट बसनं मी जास्त खर्च करूलोय हे मला स्वतःला पटेना, पण समोर लिहिलेलं. बस सोडली नाही, आठवड्याला एकच फेरी ठेवली. तुझं ते फ्री डिलिव्हरीचं तसंच असेल बघ. दीडशेच्या वर घेतलं तर डिलिव्हरी फुकट म्हणून तू दीडशेचं करतोस का, ते लिहिल्यावर कळेल.

तू म्हणशील सगळं फोनपेमध्ये दिसतंय की, वही कशाला. दिसतंय ते कुणाला गेले ते. ४० रुपये कुणाच्यातरी नावावर गेले, तो चहा होता की रिक्षा की मित्राचे दिलेले ते फोनला माहीत नाही आणि आठ दिवसांनी तुला पण आठवत नाही. म्हणून रात्री झोपताना फोन उघडून बघ आणि वहीत "कशाला" ते लिही. पाच मिनिटं लागतात. मित्राला दिलेले वेगळ्या पानावर लिही, नाहीतर ते परत येत नाहीत आणि मागायला तुला लाज वाटते, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

सरकारच्या योजनेत वीज बिल आता झिरो येतं, २०० युनिटच्या आत आहोत म्हणून. वर गेलं तर पूर्ण बिल येतं, म्हणून दर रविवारी मीटरचा आकडा पण वहीत लिहिते. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतले माझे २,००० आले की "आलं" मध्ये लिहिते, यायच्या आधी कधीच धरत नाही. त्यातले ५०० पोस्टात आरडीला, म्हणजे दर महिन्याला भरायच्या खात्याला, जातात, पाच वर्षं भरले की ३० हजाराचे ३५ हजार सहाशेच्या वर होतात. तू १०० नं पण सुरू करू शकतोस, पोस्टात १०० पासनं घेतात. पगार झाला त्याच दिवशी भर, महिन्याच्या शेवटी उरलेले भरीन म्हणशील तर उरत नाहीत, आम्हाला कधी उरले नाहीत.

घरी पैसे पाठवायचं मनाला लावून घेऊ नकोस. तीन महिने काही पाठवू नकोस. तीन महिने लिही, मग दोघं बसून ठरवू किती जमतंय. बाबांना मी सांगितलं आहे, ते पण हो म्हणाले.

गणपतीला यायचं तिकीट तेवढं आत्ताच बघ. गेल्या वेळी दोन दिवस आधी ट्रॅव्हल्सला गेलास आणि जाऊन-येऊन दोन हजाराच्या वर घातलेस. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, गोवा एक्सप्रेस पुण्यावरनं बेळगावला येते, स्लीपर मिळाला तर निम्म्याहून कमी पडतं. कॅलेंडरवर ६० दिवस मागं मोजून खूण कर, सकाळी आठला बस फोन घेऊन.

शेजारचा पोरगा उद्या पुण्याला जाऊलाय, त्याच्याजवळ डबे दिलेत. शेंगाची चटणी, भडंग, आणि तांदळाच्या पिठाचा एक डबा, त्याखाली कापडात गुंडाळलेली वही आहे, पेन सुतळीनं बांधून दिलंय. पहिल्या पानावर तारीख बाबांनी घातली आहे, त्यांच्याच हातची. रूमवर दाराजवळ खिळा नसेल तर मालकाला विचारून मार. पहिला आठवडा झाला की पानाचा फोटो पाठव. डबे येताना परत आण, स्टीलचे आहेत.

तुझी आई