अ‍ॅडलेडचे ३६ आणि तुझा निकाल

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

राज्यसेवा मुख्य परीक्षेच्या यादीत तुझे नाव नाही, हे परवा रात्री ताईकडून कळले. तू स्वतः सांगितले नाहीस याचा मला राग नाही. परंतु प्रशांत गावी गेला आहे आणि तू खोलीत एकटाच आहेस हे तिच्या बोलण्यातून निघाले, तेव्हापासून तुझ्या आईच्या डोळ्याला डोळा नाही, आणि माझ्याही नाही. त्यावर या पत्रात काही लिहायचे नाही असे ठरवूनच बसलो आहे.

डिसेंबर २०२० मधला तो शनिवार तुला आठवत असेल. तुझे बारावीचे वर्ग मोबाइलवर भरत होते आणि आपण दोघे ऑस्ट्रेलियाविरुद्धची अ‍ॅडलेडची कसोटी पाहत होतो. पहिल्या डावात आपल्याला ५३ धावांची आघाडी होती, दुसऱ्या डावात १ बाद ९ झाल्या होत्या, आणि आणखी दोनशे झाल्या की सामना आपला, असा हिशेब तू आदल्या संध्याकाळी मला मांडून दाखवला होतास. सकाळी १५ धावांवर दुसरा गडी बाद झाला आणि त्याच १५ वर तिसरा, चौथा आणि पाचवाही गेला. पुजारा आणि रहाणे तर शून्यावर. हेझलवूडने ८ धावांत ५ बळी घेतले, कमिन्सने २१ धावांत ४. एकाही फलंदाजाला दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही, शमीच्या हातावर चेंडू बसला आणि ३६ वर डाव संपला. तू टीव्ही बंद करून आतल्या खोलीत गेलास आणि दुपारपर्यंत बाहेर आला नाहीस. तुझी ती सवय मला माहीत आहे, म्हणूनच सांगतो की दार लावून बसू नकोस.

त्या डावाचा मी नंतर बराच विचार केला. आपल्या फलंदाजांपैकी बहुतेक जण काही बेजबाबदार फटके मारून बाद झाले नव्हते. चांगल्या टप्प्यावर पडलेल्या चेंडूला बॅटची कड लागली आणि झेल गेला, एवढेच बहुतेकांच्या बाबतीत घडले. एरवी असे कितीतरी चेंडू बॅटला चुकवून जातात आणि फलंदाज पुढच्या चेंडूसाठी पुन्हा उभा राहतो. त्या सकाळी ते चुकले नाहीत. आदल्या दोन दिवसांत आघाडी मिळवणारा संघ तोच होता, आणि ती आघाडी त्या एका तासामुळे खोटी ठरली नाही. तुझ्या वहीतल्या नोंदी, पहाटे अभ्यासिकेत धरलेली जागा, राज्यघटनेवर तू मामांशी घातलेले वाद, हे सारे यादीत नाव नसल्याने पुसले जात नाही.

पुढच्या कसोटीत मेलबर्नला आपण कसे जिंकलो ते तुला ठाऊकच आहे. कोहली बाळाच्या जन्मासाठी परतला, आणि अ‍ॅडलेडला शून्यावर बाद झालेल्या, डोंबिवलीत वाढलेल्या रहाणेने कर्णधार म्हणून ११२ धावा काढल्या. सिडनीला विहारी दुखऱ्या मांडीने १६१ चेंडू खेळून नाबाद राहिला. ब्रिस्बेनला ३२८ धावांचे लक्ष्य गाठून मालिका जिंकली. परंतु हे वाचून, बाबा मला पुन्हा परीक्षेला बसवत आहेत, असे मनात आणू नकोस.

प्रत्येक पडझडीनंतर मेलबर्न येतेच असे नाही. तुझे आजोबा १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यातल्या लॉर्ड्स कसोटीबद्दल कधी बोलत नसत. तिथे आपला डाव ४२ वर आटोपला होता. त्यातल्या १८ एकट्या सोलकरच्या, आणि तो शेवटपर्यंत नाबाद होता. पुढची कसोटीही आपण डावाने हरलो. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून देणारे कर्णधार वाडेकर त्या दौऱ्यानंतर भारतासाठी पुन्हा खेळले नाहीत. स्टेट बँकेतली नोकरी त्यांनी सन्मानाने केली आणि १९९० च्या दशकात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. मैदानावर परतणे झाले नाही म्हणून त्या माणसाचे काही कमी झाले, असे मला कधीच वाटले नाही. तू परीक्षा सोडलीस तरी तुझ्याविषयी मला हेच वाटेल. मात्र निर्णय घेताना वयोमर्यादा पाहा, दुसऱ्या परीक्षांचे अर्ज वेळेत भर, झोप पुरेशी घे, सकाळी चालायला जा... पुन्हा उपदेश सुरू झाला, क्षमा कर.

चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला तू अंगात ताप असताना बसला होतास आणि बाहेर आल्यावर मलाच विचारले होतेस, ‘बाबा, तुम्ही जेवलात का?’ असा मुलगा माझा आहे, हे मी चारचौघांत आजही अभिमानाने सांगतो. त्याने आज स्वतः जेवण केले की नाही, हे मला इथे बसून कळत नाही. मेसला जात जा. प्रशांत येईपर्यंत आत्याकडे राहायला गेलास तर फार बरे होईल. ती काही विचारणार नाही, तसे मी तिच्याशी बोललो आहे.

या महिन्याचे खोलीचे आणि मेसचे पैसे पाठवले आहेत, पुढच्या महिन्याचेही पाठवीन. ते परत करण्याची भाषा मागच्या खेपेसारखी काढू नकोस. आई रविवारी सकाळच्या गाडीने निघते आहे. तिला येऊ नको म्हणू नकोस, ती ऐकणार नाही.

तुझा,
बाबा