येळवसच्या बातमीत भज्जी कुठंय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी वेळा अमावस्या झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात एक फोटो ठरलेला, लातूरचा मोकळा रस्ता, बंद शटरं आणि वर हेडिंग 'शहरात शुकशुकाट'. शेजारी कुठल्यातरी पुढाऱ्याचा शेतात मांडी घालून जेवतानाचा फोटो. पण त्याच्या ताटात काय होतं हे काय वाचायला मिळत नाही, म्हणून लिहायला बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमची येळवस. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग, अन् पलीकडं कर्नाटकात बिदर-कलबुर्गीकडंही हाच सण. रब्बी रानात उभी असते, तिथंच कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, आत पाच पांडव म्हणून दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग दिवसभर रानातच. ज्याला शेत नाही त्यालाही आवतण असतं, रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूस असला तरी हाक मारून बसवतात. 2024 ला तर ती दोनदा आली, 11 जानेवारीला आणि परत 30 डिसेंबरला, आमची तर चंगळ झाली!

आता भज्जी. पुण्या-मुंबईचे पाहुणे ऐकतात 'भजी' आणि कढई शोधत बसतात. भज्जी म्हणजे त्या दिवसात रानात जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभऱ्याचा सोलाणा, वालाचे दाणे, मेथी, कांद्याची पात, वरून आंबट ताकात कालवलेलं बेसन, चिंच, लसणाची फोडणी. दोन घरची भज्जी एकसारखी लागत नाही कारण दोन रानं एकसारखी नसतात. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, धपाटे आणि ज्वारीच्या पिठाची आंबील, ती आधीच आंबवून ठेवलेली असते आणि मडक्यातली गारेगार आंबील उन्हात प्यायली की बांधावरच डोळा लागतो. हे सगळं करायला घरातल्या बायका पहाटे तीनला चुलीपुढं असतात हे पण कुणीतरी लिहा, बातमीत नुसतं 'वनभोजनाचा आनंद लुटला' असतं, लुटणारे आम्ही, रांधणाऱ्या त्या.

खरं दुखणं पुढं आहे. आमच्याकडं आता खरिपात सोयाबीन, ते निघालं की हरभरा, नाहीतर ऊस. ज्वारी कमी कमी होत चाललीय आणि त्यात शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, सोयाबीन-हरभरा मशीननं निघतो, ज्वारी अजून हातानं उपटायची-कापायची, माणसं मिळत नाहीत, पाखरं राखायला पोरगं घरात नाही. पण येळवस तर ज्वारीवरच उभी आहे की, कोप कडब्याची, आंबील ज्वारीची, संध्याकाळी पेटवून पिकाभोवती फिरवायचा हेंडगा पण कडब्याचाच. यंदा आमच्या कोपीच्या पेंढ्या दुसऱ्याकडून आणल्या आणि भज्जीचा वाटाणा आठवडी बाजारातून. मला जेवताना कसंतरीच झालं, चव काय कमी नव्हती पण आपल्याच रानात बसून विकतचं रान खातोय असं वाटलं.

म्हणून गावात मी एवढंच बोलत फिरतोय की एकरभर नको, बांधाच्या कडेनं ज्वारीच्या चार-सहा ओळी पेरा, त्यात मधेमधे वाटाणा, वाल टाका. कोपीपुरता कडबा निघेल, पोरांना हुरडा मिळेल. काहीजण हसले, तिघांनी हो म्हटलंय, बघू.

आणि तुम्हाला विनंती, पुढच्या येळवसला फोटोग्राफरला रिकाम्या चौकात उभं करू नका, बिचारा उपाशी राहतो. कुठल्याही रानात पाठवा, नाव-गाव न विचारता वाढतील. पातेल्याचा एक फोटो काढायला सांगा, आणि जिनं भज्जी केली तिला विचारून कशी केली ते छापा. शिळी भज्जी दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागते, त्यामुळं त्याला डबा पण भरून देऊ.

आपला,
एक जुना वाचक