फलकावरचं तुझं नाव

4 सप्टेंबर 2025

प्रिय मंदा,

महालक्ष्म्या उठल्या, सोळा भाज्यांच्या धबडग्यातून मोकळी झाले, आणि आधी तुलाच लिहायला बसले. तू फोनवर म्हणालीस, "सगळं नीट लिहून कळव." लेकीचं बाळंतपण टाकून तू येऊ शकत नव्हतीस हे मला कळत होतं, पण त्या दिवशी तुझी खुर्ची रिकामी पाहून जीव हळहळला गं.

29 ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जयंतीला, आपल्या कॉलेजात कार्यक्रम झाला. जुनी व्यायामशाळा आठवते ना, गाद्यांचा कुबट वास यायचा ती? तिला रंग देऊन दारावर 'क्रीडा गौरव दालन' अशी पाटी लावली आहे. आत काळ्या दगडाचा मोठा फलक. पहिल्या यादीत 14 नावं, कुस्तीची, कबड्डीची, धावण्याची. मुली दोनच. त्यातली एक तू. माहेरच्या नावानं, आणि खाली 'खो-खो, कलर होल्डर, 1985-86', म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवडलेली. मी बोट फिरवून पाहिलं. अक्षरं रंगवलेली नाहीत, कोरलेली आहेत.

तुला शोधायला कॉलेजला दोन महिने लागले, हे तुला कोणी सांगितलं नसेल. मुलांचे पत्ते चार दिवसांत मिळाले, ते त्याच आडनावानं त्याच गावांत आहेत. रजिस्टरात लिहिलेल्या तुझ्या नावाची बाई मात्र आता कुठंच नव्हती. शेवटी क्रीडा विभागातली एक तरुण मॅडम तुझ्या भावाच्या शेतावर गेली, तिथून तुझं सासर कळलं. मी प्राचार्यांना म्हटलं, मुलींची दोन्ही आडनावं लिहा, म्हणजे त्यांच्या नातवंडांनाही ओळख पटेल. त्यांनी मान्य केलं.

आपले खेळाचे सर आले होते. 84 वर्षांचे झाले, मुलाच्या हाताला धरून चढले, पण आवाज तोच. मला पाहिलं आणि पहिला प्रश्न, "खांबाजवळची पोट्टी काऊन नाही आली? गुडघा बरा आहे का तिचा?" मंदा, चाळीस वर्षांनी त्यांना तुझा गुडघा आठवत होता. मला बोलताच येईना.

तो गुडघा माझ्याही डोळ्यांसमोर आहे. आंतरमहाविद्यालयीन फायनल, मुरमाचं मैदान, शेवटचं मिनिट. त्यांची ती उंच मुलगी आपल्या तिघींना चुकवून साखळी खेळत, बसलेल्यांमधून नागमोडी पळत, खांबाकडे निघाली होती. मी मागून येऊन तुझ्या पाठीवर थाप मारली, "खो!" आणि तू खांबाला एक हात घालून सूर मारलास. तुझ्या बोटांची टोकं तिच्या टाचेला लागली. धूळ खाली बसली तेव्हा तू उताणी होतीस, गुडघ्यात मुरूम रुतलेला, आणि हसत होतीस. सरांनी बाटलीतल्या पाण्यानं एकेक खडा काढला.

अमरावती विद्यापीठ 1983 ला नागपूरपासून वेगळं झालेलं, आपला संघ नव्या विद्यापीठाच्या स्पर्धेतल्या पहिल्या काही संघांतला. अमरावतीला निवडीसाठी जाताना सर एसटीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गोष्टी सांगायचे. 1914 ला सुरू झालेला आखाडा, आणि 1936 ला तिथली मुलं बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवून आली. आपण खिडकीतून संत्र्याचे बगीचे पाहत ऐकायचो. तिकिटाचे पैसे सर स्वतःच्या खिशातून देत, हे मला परवाच कळलं.

भाषणात ते खाशाबा जाधवांवर बोलले. 1952 ला हेलसिंकीला कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. 1984 ला ते गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर कित्येक वर्षांनी मिळाला. सर एवढंच म्हणाले, "माझ्या पोरींचं नाव मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं," आणि खाली बसले.

नंतर आताच्या संघातल्या मुलींनी मला घेरलं. जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला हरवलं, ते त्यांनी मोबाइलवर कितीदा पाहिलंय. एक जण म्हणाली, "आजी, तुम्ही मॅटवर खेळायच्या का?" मी सांगितलं, मुरमावर. ती आधी फलकाकडे आणि मग माझ्या पायांकडे पाहत राहिली.

आता माझ्या मनातलं सांगते. तुझं नाव लागलं याचा आनंद माझ्या पोटात मावत नाही. पण खो-खोत एकटीचा गडी कसा बाद होईल? आठ जणी ओळीत बसतात, कोणी तरी वेळेवर खो देतं, तेव्हा नववीची बोटं टाचेला लागतात. विद्यापीठात निवड एकीची झाली, फायनल बाराजणींनी जिंकली. म्हणून मी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला आहे, तुझ्या नावाखाली बारीक अक्षरात का होईना, सगळा संघ लिहा. नावं पुरवलीत तर लिहू, असं ते म्हणाले. आपल्यातली एक गेल्या वर्षी गेली. तिच्या मुलानं तरी यावं आणि वाचावं.

दहा नावं मी जमवली. दोघींची मला काही केल्या आठवत नाहीत. राखीव बसायची ती सावळी, चष्म्याची, आणि वरुडच्या एसटीनं येऊन मागच्या फाटकातून धावत यायची ती. ढालीसोबत काढलेला फोटो तुझ्या ट्रंकेत आहे ना? त्यामागं सरांनी पेन्सिलीनं सगळ्यांची नावं लिहिली होती. लेकीची सव्वा महिन्याची आंघोळ झाली की ट्रंक उघड आणि फोटोच्या दोन्ही बाजू भाच्याकडून मोबाइलवर पाठव. तुझं मानचिन्ह आणि शाल माझ्याकडे आहे. शाल मी घडीसुद्धा मोडली नाही, दिवाळीत घेऊन येते.

बाळाला पापा. गुडघा जप, सरांना काय सांगू ते कळव.

तुझीच,
कुंदा