जागलीसाठी (शेत राखण्यासाठी) आणलेली कुत्र्याची पिल्ले चावरी का होतात?

महोदय,

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून तूर-हरभरा राखण्यासाठी आमच्याकडील काही शेतकरी जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींची पिल्ले वावरात आणतात. मात्र ती तिखट व्हावीत म्हणून त्यांना दिवसभर साखळीने बांधणे, मिरची चारणे, काठीने डिवचणे असे जे प्रकार चालतात, त्यांतून राखणदार नव्हे, तर भेदरलेले आणि म्हणूनच चावरे कुत्रे तयार होते.

दात बदलताना, म्हणजे साधारण ४ ते ६ महिन्यांच्या वयात, पिल्लू हाताला तोंड लावते, तो आक्रमकपणा नव्हे. तेव्हा खेळ थांबवून चघळायला दुसरे काही द्यावे. खाण्याजवळ कोणी गेल्यास अंग ताठ करून गुरगुरणे मात्र गंभीर आहे. तरीही त्यासाठी मारू नये, कारण मार खाल्लेले पिल्लू इशारा देणे सोडून थेट चावू लागते. माणसे, लेकरे, बैल, ट्रॅक्टर यांची शांतपणे ओळख ३ ते १४ आठवड्यांच्या वयात व्हायला हवी आणि ती वावरातल्या एकट्या झोपडीत होत नाही. स्वभाव अचानक बदलल्यास पशुवैद्यकाला दाखवावे. पंचायत समितीने रेबीज लसीकरणाच्या वेळीच पशुपालकांना हे समजावून सांगावे, ही विनंती.

— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ