अण्णांचा चष्मा सुटला म्हणून पेढे वाटू नकोस

जळगाव

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार.

अण्णा बिनचष्म्याचा पेपर वाचायला लागले, हे तू फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलंस. बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून हे पत्र. सत्तरीला आलेल्या माणसाचा वाचायचा चष्मा आपोआप सुटला तर नजर सुधारलेली नसते. डोळ्यातलं भिंग मधोमध घट्ट आणि पिवळसर होत जातं, नंबर उणेकडे सरकतो, म्हणून जवळचं दिसू लागतं आणि लांबचं अंधुक होतं. ही मोतीबिंदूची सुरुवात. ओट्यावर बसल्या बसल्या रस्त्यापलीकडचा माणूस ते चेहऱ्यावरून ओळखतात की आवाजावरून, रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाकलेला दिसतो का, एवढं विचारून बघ. ‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला आता जुना झाला. रोजच्या कामात अडायला लागलं की ऑपरेशन करून घ्यावं. फार पिकवला तर भिंग कडक होतं, काम अवघड होतं, कधी डोळ्याचा दाबही चढतो.

मोतीबिंदूने गेलेली नजर बहुतेक वेळा परत मिळते. मला धास्ती आहे ती काचबिंदूची, कारण तुझ्या आत्याला तो होता आणि सख्ख्या भावंडांना त्याचा धोका जास्त. तो दुखत नाही, डोळा लाल होत नाही, समोरचं अक्षर बराच काळ स्वच्छ दिसतं. आधी जाते ती कडेची नजर. दाराच्या चौकटीला खांदा लागतो, बाजूने आलेली मोटारसायकल एकदम अंगावर आल्यासारखी वाटते, आणि घरचे म्हणतात, वय झालं. तपासणीला नुसता दाब मोजून घरी येऊ नका. 10 ते 21 हा साधारण दाब धरतात, पण 18 असूनही डोळ्यामागची, मेंदूकडे जाणारी नस सुकलेली असू शकते. ‘मागची नस कशी आहे?’ असं सरळ विचार. सुकलेली नस पुन्हा हिरवी होत नाही. थेंब उरलेली वाचवतात, म्हणून ते मनाने बंद करायचे नसतात.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र तासाभरात उठतो. डोळा लालभडक, निम्मं डोकं ठणकतं, बल्बभोवती रंगीत कडं दिसतं, आणि उलट्या होतात. आपल्याकडे हमखास ‘पित्त झालं’ म्हणून गोळी देतात आणि सकाळची वाट बघतात. उलटीबरोबर डोळा लाल आणि नजर धूसर असेल तर सकाळ होऊ देऊ नका.

आता घरी करायची तपासणी. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, त्यामुळे दोन्ही उघडे ठेवून काहीच कळत नाही. वाचायचा चष्मा असेल तर तो लाव. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर हातभर अंतरावर उभा राहा आणि एक डोळा तळहाताने झाक. बोटांनी दाबू नकोस, दाबलेला डोळा नंतर थोडा वेळ धूसरच दिसतो. मधल्या एका तारखेवर नजर रोवून ठेव. आजूबाजूच्या रेघा सरळ आहेत का? एखादी वाकडी दिसते, एखादा आकडा पुसल्यासारखा वाटतो? मग दुसरा डोळा. महिन्यातून एकदा पुरे. रेघ वाकडी दिसली तर डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध बिघाड असू शकतो, आठवड्याच्या आत दाखव.

यात काचबिंदू मात्र सापडत नाही, आणि शुगरचा सुरुवातीचा बिघाडही नाही. तुझी शुगर निघाली त्याच वेळी पडदा बघून घ्यायला हवा होता. तो दिसायला छान असतानाच बिघडायला लागतो. वर्षातून एकदा थेंब घालून बाहुली मोठी करून तपासणी, शुगर ताब्यात असली तरी. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं होत नाही.

डोळ्यापुढे एखाददुसरा माशीसारखा ठिपका बऱ्याच जणांना दिसतो, त्याचं काही नाही. पण एकदम काळ्या ठिपक्यांचा पाऊस, अंधारात वीज चमकल्यासारखं होणं किंवा कडेने पडदा ओढल्यासारखी सावली दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी निघायचं. पडद्याला नुसती चीर असेल तर लेसरने भागतं. पडदा मधोमध सुटला की नजर पूर्ण येईलच असं नाही.

शेतातल्या डोळ्यावर जरा जास्त लिहितो, कारण तिथे आपणच घाण करून ठेवतो. केळीचं पान, दादर ज्वारीचं धांडं किंवा कापसाच्या पऱ्हाटीचं टोक लागून बुबुळावर बारीक ओरखडा येतो. दोन दिवस नुसतं खुपतं, पाणी येतं. आठवड्याभरात पांढरा ठिपका दिसतो: बरेचदा बुरशी धरलेली असते. मधल्या काळात कुणी मेडिकलवरून ‘लालीचे थेंब’ आणतो. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड; लाली उतरते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. मध, दूध, जिभेने कचरा काढणं, हेही नको. स्वच्छ पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, दुसऱ्या दिवशीही खुपत असेल तर दाखवायचं. तंबाखूचा चुना डोळ्यात उडाला तर गोष्ट वेगळी: तिथल्या तिथे, पापण्या ताणून, निदान अर्धा तास वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा, चुन्याचे कण निघेपर्यंत, आणि मगच गाडी काढायची.

वहिनींना सांग, लहान्याच्या मोबाइलमधल्या फोटोत एका बाहुलीत पांढरी चमक वारंवार दिसली किंवा डोळा तिरळा वाटला तर ‘मोठा झाला की जाईल’ म्हणू नका. त्यासाठी मात्र लगेच धावपळ करायची.

अण्णांना आणशील तेव्हा जुने चष्मे, थेंबांच्या बाटल्या आणि आत्याचे कागद मिळाले तर तेही आण. तुझीही बाहुली मोठी करून घेऊ. थेंब चढायला अर्धा तास लागतो आणि पुढे चार-सहा तास ऊन सहन होत नाही, जवळचं दिसत नाही. तेव्हा काळा चष्मा घे, आणि गाडी चालवायला पुतण्याला बरोबर आण.

तुझा,
विलास